सोळा बाय सोळाचे मास्तर

सकाळी साडेनऊला आमच्या युनिटमध्ये अकरा माणसं कामाला लागत आणि बारावा माणूस रणगाडा चालवायला बसे. रणगाडा टीव्हीतला. टीव्ही पाठीमागून फुगलेला, जुन्या जमान्यातला, ज्याच्यावर सगळं जग थोडं हिरवट दिसतं तसा. त्याला जोडलेला गेम त्याहून जुना, आणि त्याच्या कंट्रोलरची वायर तीन ठिकाणी काळ्या टेपने बांधलेली. कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलं होतं. मी एकदा बसून मोजले. सात होते. बाकी सगळे तेच सात, निरनिराळ्या नंबरांखाली.

"काम चाललंय, मॅडम," मान न वळवता मास्तर म्हणायचे.

कामच असणार. आमच्याकडे पगार घेऊन रणगाडा चालवणारा दुसरा माणूस नव्हता, त्यामुळे तुलना करायला जागा नव्हती.

युनिट वसईजवळ सातिवलीला. तळमजल्याचा गाळा. एका बाजूला प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणारे, दुसऱ्या बाजूला एक गोडाऊन, ज्यात नेमकं काय आहे हे गोडाऊनवाल्यालाही सांगता येत नसे. आम्ही कंट्रोल पॅनेल बनवायचो. पाण्याच्या पंपांची, बर्फाच्या कारखान्यांची, कोणी सांगेल त्याची. खरेदी, नियोजन, डिस्पॅच आणि बाकी कोणी करत नाही ते सगळं माझ्याकडे. रोज सकाळी विरारहून येताना रिक्षातच माझी त्या दिवसाची यादी तयार होई आणि संध्याकाळपर्यंत तिच्यातली प्रत्येक ओळ खोडलेली असे. अपवाद एक. 'मास्तर – चित्रं' ही ओळ रोज असे आणि न खोडता दुसऱ्या दिवशीच्या यादीवर जाई. ती ओळ मी इतक्या वेळा लिहिली की शेवटी शेवटी नुसतं 'मा.' लिहायला लागले.

मास्तर म्हणजे बँडमास्तर. वसई पश्चिमेच्या एका गावातले, पंचावन्न ओलांडलेले, उंच आणि किंचित पुढे झुकलेले, जणू समोर कोणीतरी सुरांची वही धरून उभं आहे. गावच्या ब्रास बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवत. लग्नात, सणाच्या मिरवणुकीत, कोणाच्या अंत्ययात्रेत. बँडवर कोणाचं घर चालत नाही, म्हणून तरुणपणी त्यांनी बाजारातल्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. मोबाइल आले, पार्लर बसलं. मग ते कीबोर्ड, अॅम्प्लिफायर, मिक्सर, जे बिघडेल ते दुरुस्त करायला लागले. आमच्याकडे आले ते एका पॅनेलचा भोंगा दुरुस्त करायला.

तेव्हा आमच्या पॅनेलवर सगळ्या सूचना इंग्रजीत असायच्या. गिऱ्हाइकांपैकी कोणी त्या वाचत नसे. लाल दिवा लागला की ते आमच्या मालकांना, शेठना फोन करायचे आणि शेठ मला. भोंगा दुरुस्त करताना मास्तरांनी हे दोन-तीनदा ऐकलं. मग डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर चौकोन आखून, त्यातली काही घरं पेन्सिलीने काळी करून एक चित्र शेठसमोर ठेवलं. शेठनी चष्मा न लावता सांगितलं, "पंप चालू आहे, पण विहिरीत पाणी नाही."

आठवड्याभरात मास्तरांचं व्हिजिटिंग कार्ड छापून आलं. 'आयकॉन डिझायनर'. पॅनेलच्या पडद्यावरची चिमुकली चित्रं, म्हणजे आयकॉन, काढणारा. सातिवलीच्या त्या संपूर्ण पट्ट्यात तो एकच असावा. एकदा सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. बाहेरच्या खोलीत अल्तार होता, देव्हाऱ्यासारखा. त्यावर माता मरियेच्या तसबिरीला टेकवून ते कार्ड उभं केलेलं होतं. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आईने मला त्यांच्या बोलीत बरंच काही सांगितलं. त्यातला 'डिझायनर' एवढाच शब्द मला कळला, कारण तो तिने तीनदा म्हटला.

आता डिझायनर म्हटल्यावर माणसाने कंप्युटरवर काम करावं अशी माझी अपेक्षा. ती मी बोलूनही दाखवली. मास्तर गणिताच्या आलेख वहीत काम करायचे. सोळा घरं आडवी, सोळा उभी, त्याच्या बाहेर एक रेघ नाही. शाळेतली पेन्सिल, टोक तोंडाने फुंकून साफ केलेलं. फुंकर मारणं हा त्यांचा सर्व रोगांवरचा उपाय होता. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर, पेनड्राइव्ह चालला नाही की फुंकर, प्रिंटर अडला की झाकण उघडून फुंकर. सगळ्यात संतापाची गोष्ट ही, की प्रिंटर चालायचा.

चित्र झालं की ते बोटाने टेबलावर वाजवत. काळं घर म्हणजे टक, रिकामं घर म्हणजे गप्प. डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ. टक टक, टक, टक टक टक. एका दमात वाजवता आलं तर चित्र पास. अडखळलं तर कागद चुरगळून खाली.

"बेसूर आहे," ते म्हणायचे.

"बॅटरीचं चित्र बेसूर कसं असेल, मास्तर?"

"वाजवून बघा."

मी वाजवून बघत नसे. माझ्या यादीत ते नव्हतं.

पण ते सांगत असत, तुम्ही ऐका किंवा ऐकू नका. बादलीवाल्यांकडचा कामगार ऐके, रिक्षावाला ऐके, एकदा सेल्स टॅक्सच्या कामासाठी आलेल्या गृहस्थांनी पाऊण तास ऐकलं आणि कशासाठी आलो ते विसरून निघून गेले, ही मास्तरांची कंपनीला झालेली पहिली ठोस मदत.

सांगणं असं असायचं. त्या जुन्या गेमच्या यंत्राला एका वेळी चारच आवाज काढता यायचे. एक वरचा सूर, एक त्याच्या जोडीचा, एक खालचा, आणि चौथा म्हणजे नुसतं खर्रर्र. तेवढ्यात लढाईही वाजायची आणि पाऊसही पडायचा. "आमच्या बँडमध्ये बावीस माणसं आहेत," मास्तर म्हणायचे, "आणि बावीस जण एकदम वाजवतात तेव्हा नवरीलाही कळत नाही कुठलं गाणं आहे." म्हणून चित्रालाही चारच आवाज. बाहेरची रेघ हा ट्रम्पेट. खालचं वजन हा ढोल. आतली एक खूण ही क्लॅरिनेट. आणि एखादं घर असं, की जे सगळ्यांपेक्षा वेगळं पडतं आणि माणूस थबकतो. पाचवा आवाज आला की गोंगाट.

आणि रणगाडा? तोही अभ्यासाचाच विषय. "बघा मॅडम, हा किती घरांचा आहे. काढणाऱ्याकडे जागा नव्हती. एकेक घर विचारून विचारून भरलंय. तरी शत्रूचा कुठला आणि आपला कुठला हे पापणी लवायच्या आत कळतं. कळायलाच पाहिजे. गोळी लागल्यावर कळून काय उपयोग?"

हे सगळं ऐकायला बरं वाटतं. दुसऱ्याच्या युनिटमध्ये असतं तर मलाही वाटलं असतं.

चित्र पास झालं तरी काम संपत नसे. पुढची परीक्षा संडासच्या दारावर. गाळ्याचं ते शेवटचं टोक. चित्राचा कागद त्या दारावर चिकटवायचा आणि मास्तर दुसऱ्या टोकाला, शटरपाशी, चष्मा काढून उभे राहायचे. मग जो दिसेल त्याला पकडून, "काय दिसतंय?" संडासला निघालेल्या माणसाला उभं करून असले प्रश्न विचारू नयेत हा नियम लिहून काढायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तो लिहून तिथेच, त्याच दारावर लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर एक चित्र चिकटवलेलं होतं.

"मॅडम, काय दिसतंय?"

"कबुतर."

"हा डिझेलचा कॅन आहे."

"मग कॅनसारखा काढा."

"काढला होता. काल तुम्हाला तो चर्च वाटला."

ट्रम्पेटचा रियाझ जेवणाच्या सुट्टीत, गाळ्यामागे. बादलीवाल्यांनी लेखी तक्रार केली. मी ती फाइल केली. मग त्यांनी लेखी तक्रार मागे घेतली आणि त्यांच्या मालकाच्या मुलीच्या लग्नासाठी बँड ठरवला. तेही पत्र फाइल केलं, त्याच फाइलमध्ये.

आता मुख्य गोष्ट. पाचूबंदरच्या मच्छीमार बोटींसाठी पॅनेल बनवायचं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं. तिथला एक नाखवा, स्वतःची बोट असलेला, शेठच्या ओळखीचा. बंदरातले बाकीचे बोटवाले त्याच्या शब्दावर चालत. सुकाणूपाशी लावायची एक पेटी, तिच्यावर छोटा काळा-पांढरा पडदा, आणि एक भोंगा. इंजिन तापलं, डिझेल संपत आलं, बोटीत पाणी शिरलं, बॅटरी उतरली, अशी नऊ चित्रं. नाखव्याला पसंत पडलं तर सगळ्या बंदराचं काम, नाही पडलं तर शेठनी गुजरातमधून आणलेला तयार माल विकायचा विचार केलेलाच होता. तयार मालात चित्रं तयारच असतात, म्हणजे मास्तरांची गरज नाही. हे शेठनी मास्तरांना तोंडावर सांगितलं होतं. "मास्तर, ये आखरी है. हे चाललं तर तुम्ही आहात."

पंचावन्न ओलांडलेल्या, आलेख वहीत पेन्सिलीने काम करणाऱ्या, नोकरीच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात 'ट्रम्पेट' लिहिणाऱ्या माणसाला दुसरं कोणी डिझायनर म्हणून ठेवेल अशी शक्यता मी तपासली होती. नव्हती.

अशा वेळी माणूस झपाट्याने कामाला लागतो. मास्तरांनी सांगितलं, "आधी भोंगा ऐकवा."

मी भोंगा आणला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "हा रडतो." दुसरा आणला. "हा वर्गात ओरडणाऱ्या बाईसारखा आहे. माणूस ऐकतच नाही." तिसरा, चौथा. पाचवा त्यांना पसंत पडला. तो पहिल्याच कंपनीचा होता, फक्त खोका वेगळा. ते मी त्यांना सांगितलं नाही.

तीन आठवडे एक रेघ नाही. रणगाडा मात्र जोरात. मग दोन दिवसांत नऊच्या नऊ चित्रं माझ्या टेबलावर. प्रत्येकाखाली भोंग्याचे ठोके लिहिलेले.

"चित्र आणि आवाज एकच पाहिजे," ते म्हणाले. "आगीला तीन जिभा, तर भोंगा तीनदा तुटक. पाण्याचं चित्र खाली जड, तर भोंगा लांब, लांब, मग छोटा. दर्यावर माणूस जाळं ओढत असतो, मॅडम. बोटीत पाणी शिरल्यावर तो चष्मा शोधून वाचत बसत नाही."

"छान," मी म्हटलं आणि तारीख घातली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दोन दिवस रजेवर. गावचा सण, मिरवणूक. माझं काम उरलं ते पेन्सिलीची घरं एक्सेलमध्ये भरायचं. काळ्याला एक, रिकाम्याला शून्य. ती शीट पुढे प्रोग्रामिंगला जाणार. मी कामाला बसले आणि लक्षात आलं की मास्तरांनी कामात किती हयगय केली आहे. आगीच्या मधोमध घरं भरायची राहिलेली. डिझेलच्या थेंबाच्या पोटात दोन घरं राहिलेली. बोटीचा तळ आणि पाणी यांच्यामध्ये एक अख्खी ओळ कोरी. पेन्सिलीने काम केलं की हे होणारच. माणूस थकतो, रणगाडा चालवून.

मी शीटमध्ये ती सगळी घरं भरली. नऊ चित्रांत मिळून एकतीस. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात 'तपासले, दुरुस्त केले' लिहून सही केली, कागद फाइल केले, शीट पाठवून दिली. मास्तर परत आले तेव्हा मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही. माणसाला त्याच्या चुका सारख्या दाखवू नयेत, असं माझं मत आहे.

पाचूबंदरला गेलो ते भर दुपारी. शेठ, मास्तर आणि मी. किल्ल्याच्या बाजूने ऊन थेट पाण्यावर आणि पाण्यावरून थेट पडद्यावर. सुके बोंबील ओळीने टांगलेले, बायका मासळी निवडत बसलेल्या. नाखव्याने पेटी सुकाणूपाशी ठेवून घेतली आणि शेठनी बटण दाबून एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली.

"हे काय?" शेठनी विचारलं.

नाखव्याने डोळे बारीक केले. "वांगा."

"आणि हे?"

"ह्यो बी वांगा."

"हे बघा, नीट बघा."

"बघतंय ना, शेठ. ह्यो मोठा वांगा." मग तो मासळी निवडणाऱ्या बायकोला म्हणाला, "आपल्या बोटीवर भाजीबाजार भरवतान हे लोक."

"भरूं दे," ती मान वर न करता म्हणाली. "मासळी तं घावत नाय."

पहिलं वांगं म्हणजे इंजिन तापलं. दुसरं डिझेल. तिसरं म्हणजे बोट बुडते आहे.

शेठनी भोंगा तरी ऐका म्हणून सांगितलं, पण नाखव्याचं म्हणणं पडलं की वांगं तीन वेळा ओरडलं काय आणि सात वेळा ओरडलं काय. मास्तर पुढे झाले. पडद्यावर हाताची सावली धरून त्यांनी एक चित्र बराच वेळ बघितलं. मग दुसरं. टेबलावर वाजवावं तशी त्यांची बोटं पेटीच्या कडेवर चालत होती आणि मध्येच थांबत होती. मग त्यांनी हात काढला आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

परतताना गाडीत शेठ पुढे, आम्ही दोघं मागे. युनिटला पोचल्यावर शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, एक तारखेपासून मास्तर बंद. नाखव्याचे पाय धरून अजून एक चान्स मागितलाय, त्यात तयार माल दाखवू. तुम्ही लेटर बनवा. कारणं लिहा. तुमच्याकडे तर असतील."

होती. पानभर. ती टाइप करायला घेताना वाटलं, सोबत चित्रांचे कागद पुरावा म्हणून जोडावेत. फाइल काढली, पेन्सिलीचे कागद एका बाजूला आणि माझ्या शीटची प्रिंट दुसऱ्या बाजूला ठेवली. का कोण जाणे, मी ते दोन्ही नेऊन संडासच्या दारावर चिकटवले आणि शटरपाशी येऊन चष्मा काढला.

डावीकडे आग होती. थेंब होता, उन्हात चमकतो तसा, पोटात उजेड असलेला. बोट होती आणि तिच्या आत पाणी होतं. उजवीकडे तीन वांगी होती. व्यवस्थित, सारखी, कुठेही काही न राहिलेली.

त्या दारावर मीच लावलेल्या नियमाचं मी उल्लंघन करते आहे हे बघायला सुदैवाने कोणी नव्हतं.

मास्तर गाळ्यामागे होते. ट्रम्पेट पुसत होते, वाजवत नव्हते.

"ती घरं मी भरली," मी म्हटलं. "मला वाटलं, तुमची राहिली."

"मला बोटीवरच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ते जरा विचारात पडले, जणू हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. "बँडमध्ये चालता चालता एखादा चुकीचा सूर मारतो. तेव्हा मिरवणूक थांबवून त्याच्याकडे बोट नाही दाखवत. लोक रस्त्यावर उभे असतात, घरातली म्हातारी खिडकीत असते. आपण आपलं पुढे वाजवत राहायचं. नंतर तालमीत सांगायचं."

"शेठ तुम्हाला काढतायत."

"हो. तालमीला वेळ नाही मिळणार, असं दिसतंय."

ते विनोद करत होते की काय हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच. मी म्हटलं, "रिकामी घरं मुद्दाम होती हे तुम्ही एका ओळीत लिहून द्यायला हवं होतं."

"बँडच्या वहीत असते खूण," ते म्हणाले. "जिथे वाजवायचं नाही तिथे. एवढीशी, काळी. मला वाटलं, कोरं ठेवलं की दिसेल."

मी केबिनमध्ये गेले आणि शेठना सांगितलं, चूक माझी आहे. माझा अंदाज होता की ते चिडतील. त्यासाठी मी तयारीत होते. ते हसले.

"मॅडम, तुम्ही फार चांगल्या आहात. पण कोणाला वाचवायला आपल्यावर घेऊ नका."

"मी वाचवत नाही, शेठ. घरं मी भरली."

"नऊ वर्षांत तुमचा एक बोल्ट कमी आलेला नाही. मास्तर रडले का तुमच्याकडे?"

"ते रडत नाहीत. मीच केलं."

"त्यांची म्हातारी आई आहे, मला माहीत आहे. मला पण वाईट वाटतं. पण असं नका करू."

नऊ वर्षं एकही चूक न करण्याचा हा उपयोग असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या शब्दावर सातिवलीत ट्रक सुटत. त्या दिवशी मी माझ्याच विरुद्ध बोलत होते आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. शेवटी मी फाइल आणली. एकेक कागद शेठसमोर मांडला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझं अक्षर, माझी तारीख, माझी सही. 'तपासले, दुरुस्त केले.' नऊ वेळा. शेठनी पहिला कागद बघितला, मग प्रिंट, मग परत कागद. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. पाचव्या कागदाला ते म्हणाले, "अरे." नवव्या कागदाला त्यांनी फोन उचलून नाखव्याला सांगितलं की मालात थोडी दुरुस्ती आहे, गुरुवारी येतो.

शीट मी नव्याने भरली. ह्या वेळी मास्तर शेजारी बसले आणि प्रत्येक ओळ टेबलावर वाजवत गेले. टक, गप्प, गप्प, टक. मीही वाजवली, कारण त्याशिवाय ते पुढे जाऊ देत नव्हते. दोन तास. बादलीवाल्यांकडची माणसं येऊन बघून गेली.

गुरुवारी तीच बोट, तेच ऊन. नाखव्याने पडद्याकडे बघितलं. "आग. ह्यो डिझेल. हां, बोटीत पानी." सरळ, एकामागून एक, नऊही. शेठनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण नाखवा तसा सहज सोडणारा नव्हता. तो पेटीकडे पाठ करून जाळ्याची गाठ सोडवायला बसला आणि म्हणाला, "आता वाजवा. बोलू नका कोन."

भोंगा लांब वाजला, लांब, मग छोटा. नाखव्याने गाठीवरून नजर काढली नाही.

"पानी," तो म्हणाला. मग त्याच्या बायकोने सुरीने बोंबील कापता कापता, तिला कोणी विचारलेलं नसताना, पुढच्या दोन्हींची उत्तरं त्याच्या आधी दिली.

काम मिळालं. मास्तर पुढे चार वर्षं राहिले, मग मोतीबिंदू झाला तेव्हा आपणहून घरी बसले आणि जाताना टीव्ही, गेम आणि कॅसेट घेऊन गेले. आता आमच्याकडे एक तरुण डिझायनर आहे. कंप्युटरवर काम करतो, वेळेत देतो, गोल गोल कोपऱ्यांची चित्रं, छटा आणि सावल्या असलेली. ती कोणाला कळत नाहीत, पण वेळेत येतात.

मास्तरांबद्दल कोणी विचारलं की मी रणगाड्याचं सांगते, संडासच्या दाराचं सांगते. लोक हसतात. त्या गुरुवारच्या संध्याकाळचं मी सहसा सांगत नाही.

शेठनी सगळ्यांना भजी मागवली होती. गाळ्याच्या मधोमध सगळे जमले. शेठ खूश होते आणि खूश असले की ते भाषण करतात. नाखव्याचं सांगून झालं, त्याच्या बायकोचं सांगून झालं. मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, मॅडमना थँक्यू बोला. त्या खरं बोलल्या म्हणून तुम्ही आज इथे आहात."

मास्तरांनी हातातलं भजं कागदावर ठेवलं. बोटं पुसली. माझ्याकडे वळले आणि त्यांच्या त्या किंचित झुकलेल्या उभं राहण्यात कुठेही वाकडेपणा न आणता म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणण्यासारखं माझ्याजवळ बरंच होतं.

"वेलकम," मी म्हटलं.